रातपाळीच्या माणसाची खोली

कल्याणमधल्या एका घराच्या इंटिरिअरचं काम आलं तेव्हा तिथल्या ताईंच्या मिस्टरांनी मला आधीच भरपूर फोटो पाठवून ठेवले होते. हायड्रॉलिक बेड, समोर टीव्हीचं पॅनल, फॉल्स सीलिंगच्या कडेने निळा उजेड, कोपऱ्यात मुलीचं स्टडी टेबल. बेडरूम १२ बाय १० फुटांची. ओढूनताणून सगळं बसलंही असतं. पण ताई मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात स्टाफ नर्स. कधी सकाळपाळी, कधी दुपारपाळी, मग सलग नाइट. म्हणजे या खोलीत ऐन दुपारी माणूस झोपणार होतं, आणि त्या फोटोंतली एकही खोली दुपारच्या झोपेची नव्हती.

म्हणून मापं घ्यायला मी मुद्दाम भर दुपारी गेले. ताईंची त्या दिवशी सुट्टी होती. त्यांच्या सासूबाईंना म्हटलं, "काकू, मी आत आहे हे विसरून जा. रोजच्यासारखं चालू द्या." दार लावलं, पडदा ओढला आणि त्यांच्याच जागेवर आडवी झाले.

दक्षिणेच्या भिंतीपलीकडे स्वयंपाकघराचा ओटा होता, आणि पलंगाचं डोकं नेमकं त्याच भिंतीला. मिक्सर लागला तेव्हा आवाज हवेतून नाही, थेट पाठीखालच्या फळीतून आला. मग कुकरच्या शिट्ट्या, भांडी घासायचा आवाज. दोननंतर पश्चिमेच्या खिडकीत ऊन आलं. पडदा जाड होता, पण वरच्या रॉडपाशी आणि दोन्ही बाजूंना उजेडाच्या पट्ट्या होत्या. भिंतीवर वर्तमानपत्र वाचता आलं असतं इतक्या.

पण खरी गोष्ट कळली ती दारातून. मुलगी शाळेतून आली आणि हळूच रंगपेटी घेऊन गेली. थोड्या वेळाने काकू रक्तदाबाची गोळी घ्यायला आल्या. मग पुन्हा मुलगी, इस्त्रीचे कपडे ठेवायला. दोघीही पावलं न वाजवता येत होत्या, दार इतक्या जपून लोटत होत्या की बघून जीव गलबलला. लोखंडी कपाट मात्र दर वेळी करकरायचं. आई झोपली की आपण आत जायचं नाही, हे त्या मुलीला पक्कं ठाऊक होतं. पण तिच्या वस्तू आतच होत्या, ती तरी काय करणार?

ताईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मला वाटायचं माझीच झोप हलकी आहे. नाइटवरून येताना स्टेशनपासून घरापर्यंत मी गॉगल लावते, उजेड डोळ्यांत गेला की झोप उडते म्हणून. आणि घरी येऊन हे!"

त्या संध्याकाळी आम्ही सगळे कागद घेऊन बसलो. खोलीचे चोवीस तास लिहून काढले: कोण कधी झोपतं, कोण कशासाठी आत येतं. एका यादीने अर्धा नकाशा ठरला. औषधं, रंगपेटी, इस्त्री, घरची कागदपत्रं, सगळं बाहेर. स्टडी टेबल हॉलमध्ये. ताईंचे युनिफॉर्म, बॅग आणि आरसा पॅसेजमधल्या नव्या उथळ कपाटात, बाथरूमला लागून. सकाळपाळीला पहाटे तयार होताना आत दिवा लावायला नको, आणि ड्यूटीवरून आल्यावर तिथेच कपडे बदलून अंघोळ करून मगच खोलीत जायचं, ही त्यांची सवयही त्याने सांभाळली गेली.

स्वयंपाकघराच्या भिंतीला आम्ही पूर्ण लांबीचा, छतापर्यंतचा दोन फूट खोल वॉर्डरोब केला. कपड्यांनी भरलेलं कपाट आवाज बऱ्यापैकी अडवतं. बेड ६ ऐवजी ५ फूट रुंद घेतला, त्यामुळे कपाट आणि बेडमध्ये दोन फूट उरले. दारं स्लायडिंग केली. काकूंचा एकच आग्रह होता, डोकं दक्षिणेला हवं. मी म्हटलं, तिकडे मिक्सर आहे. त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "पूर्वेलाही चालतं गं." पूर्वेला पॅसेज होता. प्रश्न मिटला.

खिडकीवर माझा सर्वात जास्त वेळ गेला. पश्चिमेचं ऊन काचेतून आत आलं की मग पडदा कितीही जाड लावा, उष्णता आत शिरलेलीच असते. ते बाहेरच अडवायला हवं. ग्रिलमध्ये बांबूच्या काड्यांचा पडदा, म्हणजे चिक टाकली. आत ब्लॅकआउट पडदा, पण खिडकीपेक्षा दोन्हीकडे नऊ-नऊ इंच जास्त रुंद, जमिनीपर्यंत, आणि वर छताला भिडलेलं पेल्मेट, म्हणजे रॉड झाकणारी पेटी. जुनं पोकळ दार काढून भरीव सपाट दार (फ्लश डोअर) बसवलं, खाली रबरी पट्टी. फॉल्स सीलिंग आणि टीव्ही पॅनल रद्द. दादा, म्हणजे ताईंचे मिस्टर, टीव्हीवरून थोडे हिरमुसले, पण त्याच पैशांत दार आणि खिडकी झाली, हा हिशेब त्यांनीच सुताराला समजावला. बेडखाली पायापाशी मंद पिवळा दिवा ठेवला, रात्री उशिरा आलेल्याने दुसऱ्याला उठवू नये म्हणून.

काम झाल्यावर पहिल्या नाइटनंतर ताईंचा फोन आला. चार वाजेपर्यंत झोपल्या होत्या. आता त्यांच्याच वॉर्डातल्या एका सिस्टरांची खोली करायची आहे. ती रुळांना लागून आहे, त्यामुळे तिथे आधी खिडकीच्या काचेचं आणि फटींचं काम घ्यावं लागेल, कपाटाचं नंतर.