सायमा सरोवराकाठच्या मुक्कामाची आखणी

फिनलंडमध्ये नोकरीला असलेल्या पुतण्याने दादांना, वहिनींना आणि मला तिकडच्या सरोवरांच्या प्रदेशात तंबूत राहायला बोलावले आहे. आमंत्रण आल्यापासून आमच्या घरात सर्वांत जास्त चर्चा झाली ती तारखांची. बेळगावकरांच्या मनात उन्हाळी सहल म्हणजे एप्रिल-मे, कारण मुलांच्या सुट्ट्या तेव्हाच असतात आणि जूनमध्ये पाऊस लागला की खानापूरच्या पलीकडच्या रानात मुक्कामाचा विचार कोणी करीत नाही. फिनलंडमध्ये मात्र मेच्या सुरुवातीला कित्येक सरोवरांवरचा बर्फ नुकताच वितळलेला असतो, पाण्यात पाय घालवत नाही आणि रात्री गोठवणारी थंडी पडू शकते. तिथला खरा उन्हाळा जून ते ऑगस्ट, म्हणजे नेमका आपला पावसाळा. त्यामुळे शाळेत जाणाऱ्या नातवंडांना यंदा नेता येणार नाही, याचे वहिनींना फार वाईट वाटले, आणि मलाही वाटते.

जूनचा मोह मोठा होता. त्या दिवसांत सूर्य रात्री साडेदहानंतर मावळतो आणि पुरता काळोख होतच नाही. परंतु जूनच्या उत्तरार्धापासून जुलैपर्यंत पाणथळ रानात डासांचा जोर असतो, आणि साठी ओलांडलेल्या माणसांना उजेडात झोप लागणेही कठीण. म्हणून मी ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याचा आग्रह धरला. तेव्हा उन्हाळाभर तापलेले पाणी पोहण्याजोगे असते, डास बरेच कमी झालेले असतात, रात्री नवाच्या सुमारास सूर्यास्त होतो आणि रानात ब्लूबेरी पिकलेल्या असतात. आपल्याकडे जांबोटीच्या रानात वाटेवरची करवंदे खुडावीत तशा तिथे त्या कोणीही खुडाव्यात, मग रान कोणाच्याही मालकीचे असो. पायी फिरणे आणि लोकांच्या घरांपासून दूर एखाद-दुसरी रात्र तंबू ठोकणे हेही त्या देशात सर्वांना मोकळे आहे. आपल्याकडे वनखात्याच्या परवानगीशिवाय रानात मुक्काम करता येत नाही, म्हणून ही मोकळीक मला विशेष वाटते. तिला मर्यादाही आहेत. जमीनमालकाच्या संमतीशिवाय जाळ करता येत नाही आणि राष्ट्रीय उद्यानात नेमलेल्या जागीच तंबू लावावा लागतो. अशा जागांवर शेकोटीसाठी लाकूड ठेवलेले असते, पण वणव्याचा इशारा जाहीर झाला की उघड्यावर जाळ करण्यास मनाई असते.

फिनलंडमध्ये लहानमोठी मिळून सुमारे १,८८,००० सरोवरे आहेत, तेव्हा जागा निवडणे हे दुसरे अवघड काम. आम्ही सायमा या त्या देशातील सर्वांत मोठ्या सरोवराचा भाग निवडला आहे. हेलसिंकीहून रेल्वेने पारिक्काला येथे गाडी बदलून सावोनलिन्ना गाठायचे आणि पुढे ओरावी या गावातून होडीने लिन्नानसारी राष्ट्रीय उद्यानाच्या बेटावर उतरायचे, असा बेत आहे. १९५६ साली स्थापन झालेल्या या उद्यानाच्या पाण्यात सायमा सील हे पाण्यात राहणारे सस्तन प्राणी आढळतात. हा सील जगात इतरत्र कुठेही नाही आणि त्यांची संख्या काहीशेच आहे. मेमध्ये ते अंगावरचे जुने केस गाळण्यासाठी खडकांवर पडून असतात, ऑगस्टमध्ये दिसतीलच असे नाही; तरी ज्या पाण्यात ते आहेत त्या पाण्याकाठी राहायचे, एवढ्यानेही माझे मन भरून येते. जवळचेच कोलोवेसी उद्यान अधिक निवांत आहे, कारण तिथे यांत्रिक होड्यांना बंदी आहे. पण तिथे स्वतः वल्ही मारावी लागतील आणि दादांच्या खांद्याला ते झेपणार नाही.

सामानाबाबत वहिनींना एक गोष्ट समजावून सांगावी लागली. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, त्यामुळे बेळगावचा कुंदा आणि घरचे तूप दोन्ही इथेच राहणार. मेतकूट, कुळथाचे पीठ, भाजणी आणि शेंगदाण्याची चटणी एवढे बरोबर घेऊ. तांदूळ तिकडेच मिळतो. स्टोव्हचे गॅसचे डबे विमानात चालत नाहीत, तेही तिकडेच घ्यायचे. गवतात गोचिडी असतात आणि त्यांच्यापासून लाइम आजार होऊ शकतो, म्हणून पूर्ण बाह्यांचे कपडे व पायमोजे सर्वांना सक्तीचे, आणि रोज संध्याकाळी अंग तपासून पाहायचे.

फिनलंडसह युरोपातील बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि त्यासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो, तेव्हा कागदपत्रांची जुळवाजुळव फेब्रुवारीतच सुरू करू. तंबू मात्र बेळगावातच घेणार आहोत. जुलैमध्ये कणकुंबीकडच्या एका नातेवाइकांच्या शेतावर भर पावसात एक रात्र त्यात काढायची, असे ठरले आहे. शिवणीतून पाणी झिरपते का, चिखलात खुंट्या धरतात का आणि दादांना जमिनीवरून उठताना किती त्रास होतो, हे तिथेच कळेल. तंबू गळला तर बदलून घ्यायला हाती दोन-तीन आठवडे राहतील.