चिव्हलरी २ मध्ये क्लास घ्यायच्या आधी स्वतःचं पाऊल बघा

परवा रात्री गडहिंग्लजहून मावसभावाचा फोन, हॅलो नाही काही नाही, सरळ "दादा, चिव्हलरी टू इन्स्टॉल झाला, आता क्लास कुठला घेऊ सांग." क्लास म्हणजे गेममध्ये आपण कसला लढवय्या व्हायचं ते. समोर चार माणसं उभी दिसतात, नाईट, व्हॅनगार्ड, फूटमन आणि आर्चर, आणि हा गडी नाईटवर अडून बसलेला कारण चिलखत लई भारी दिसतंय. मी पण पहिल्यांदा तेच केलेलं, दोन महिने त्याच क्लासला चिकटून राहिलो आणि शेवटी मला खरंच वाटायला लागलं की हा गेम आपल्याला जमणारा नाही. त्याला फोनवर अर्धा तास समजावलं तरी बरंच राहून गेलं, म्हणून इथं नीट लिहून काढतोय, आपल्याकडची आणखी पोरं नव्यानं खेळायला लागली असतील तर त्यांना पण उपयोगी पडंल.

गेम माहीत नसंल त्यांच्यासाठी थोडक्यात. टोरंटोच्या टॉर्न बॅनर स्टुडिओजनी २०१२ ला पहिला भाग काढला, दुसरा आला २०२१ च्या जूनमध्ये. एका मैदानात ६४ जण, एकीकडं निळे अगाथा नाईट्स, दुसरीकडं लाल मेसन ऑर्डर, बंदूक वगैरे काही नाही, तलवार, कुऱ्हाड, भाला, गदा, धनुष्य एवढंच. हातघाईत वार तीनच, आडवा, वरून आणि भोसकायचा, पण वार अर्ध्यात सोडून हूल देता येते, अंग वळवून तोच वार लवकर किंवा उशिरा पोचवता येतो, आणि समोरच्याचा वार येताना आपण तसलाच वार काढून ब्लॉक केला, म्हणजे अडवला, की काउंटर बसतो, लगेच आपला उलटा वार. बटणं थोडी आहेत, पण समोरचा काय करणार हे वाचायला लागतं आणि तिथंच खरी मजा आहे.

आता क्लास. माझं म्हणणं एकच आहे, हेल्थ किती म्हणजे किती मार सोसतो, डॅमेज किती म्हणजे किती जोरात मारतो, हे सगळं नंतर बघा, आधी हे बघा की समोरचा माणूस किती लांब असला की तुमचं डोकं शांत राहतंय.

हे मला कळलं ते सहावीच्या उन्हाळ्यात, कोल्हापुरात शिवाजी पेठेत मर्दानी खेळाच्या शिबिरात. वस्ताद दोन पोरांना समोरासमोर उभं करायचे आणि मधी जमिनीवर एक काठी आडवी ठेवायचे, म्हणायचे आता मारा बघू. कुणी शिकवलेलं नसताना प्रत्येक पोराचं पाऊल वेगळं पडायचं, काही पोरं काठी ओलांडून सरळ आत शिरायची, काही बाजूला सटकायची, आणि मी दचकलो की अर्धं पाऊल मागं जायचो. मला त्याची लाज वाटायची. वस्तादांनी एकदा खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "हात मी शिकवीन, पाय ज्याचा त्यानं वळखायचा," आणि माझ्या हातातली आखूड काठी काढून घेतली आणि माझ्यापेक्षा उंच लाठी दिली. पट्ट्याचं पण तसंच आहे, दांडपट्ट्याची मूठ हाताला पार कोपराजवळपर्यंत झाकते, त्यामुळं मनगट वळत नाही, अख्खा हात खांद्यातनं फिरवायला लागतो, म्हणजे पट्टा खेळणाऱ्याला भोवती मोकळी जागा लागतेच लागते. हत्यार घेतलं की त्याचं अंतर पण घेतलं, दोन्ही वेगळं होत नाही.

एवढं माहीत असून मी गेममध्ये नाईट घेतला बघा. नाईटची हेल्थ चारींत जास्त, म्हणून वाटतं नवशिक्याला हाच बरा, पण तो पळायला जड आहे, त्यामुळं समोरचा लांबनं टोचत राहिला तर त्याच्यापर्यंत पोचायलाच उशीर होतो, आणि वर गदा-हातोड्यासारखी बोथट हत्यारं नाईटला जास्तच लागतात. नाईट खेळायचा म्हणजे आत शिरायला पाहिजे, खांदा लावून धडक द्यायची, पाडायचं, लगेच वार. आणि मी काय करायचो, तर दचकून अर्धं पाऊल मागं, म्हणजे बरोबर समोरच्याच्या हत्याराच्या टोकाला जाऊन उभा राहायचो, जिथं त्याचा वार पोचतो आणि माझा पोचत नाही. दोन महिने मी फक्त ब्लॉक उशिरा होतोय का हे तपासत बसलो, ब्लॉक बरोबर होता, माझं पाऊल आणि नाईट यांचं जुळत नव्हतं.

माझा एक मित्र लहानपणी तालमीत घुमलेला, त्याला मात्र नाईटच शोभतो. समोरच्याचा पट काढायला शिरल्यागत तो शिरतो, एकदा अंगाला भिडला की लांब हत्यारवाल्याला काहीच करता येत नाही. तो नाईटमधला ऑफिसर हा प्रकार घेतो, तुतारी वाजवून भोवतीच्या सगळ्यांची हेल्थ भरतो आणि परत आत.

व्हॅनगार्डबद्दल सांगायचं तर तो पळत येऊन उडी मारून वार घालणाऱ्याचा क्लास, मोठं दोन हाती हत्यार आणि अंगावर चिलखत कमी. ज्याला पहिला वार आपला पाहिजे त्यानं घ्यावा. पण एक विनंती आहे, मनापासून, गर्दीत आडवा वार घालू नका. या गेममध्ये आपल्याच माणसाला पण लागतं, आणि मोठी तलवार घेऊन गोल फिरणारा एक व्हॅनगार्ड आपल्याच दोघांतिघांना अर्धमेलं करतो. गर्दीत वरून मारा नाहीतर भोसका, आडवा वार मोकळ्या जागेसाठी ठेवा. ॲम्बुशर हा त्यातलाच एक प्रकार, पण पाठीमागनं गाठणाऱ्यासाठी, मागनं मारलं की त्याचं डॅमेज वाढतं.

आर्चर पहिला क्लास म्हणून घेऊ नका. नेम चांगला असंल तर पुढं घ्या, पण सुरवातच तिथं केली तर ब्लॉक, काउंटर, हूल यातलं काहीच अंगात मुरत नाही, आणि एखादा कुऱ्हाडवाला जवळ पोचला की संपलं, हेल्थ चारींत सगळ्यात कमी.

आणि फूटमन. ह्याच्यावर कुणाची नजर जात नाही आणि माझा जीव ह्याच्यावरच आहे. ना फार जड, ना फार उघडा, आणि जवळ बँडेज असतं, ते टाकलं की भोवतीच्यांची हेल्थ भरते, म्हणजे मारामारीत तुम्ही थोडे कच्चे असला तरी पहिल्या दिवसापासून टीमच्या उपयोगी पडता. त्यात तीन प्रकार, लांब दांड्याची हत्यारं घेणारा पोलमन, झटकन बाजूला उडी मारणारा मॅन-ॲट-आर्म्स, आणि आडोसे, काटे लावणारा फील्ड इंजिनिअर. मी पोलमन घेतला, हातात भाला, आणि पहिल्याच रात्री कळलं की वस्तादांनी मला उंच लाठी का दिलेली.

रुडहेल्मच्या वेढ्याचा मॅप होता, तटाला भिडवायचा लाकडी बुरूज ढकलत न्यायचा, ढकलायचा म्हणजे आपली माणसं त्याच्याजवळ उभी राहिली पाहिजेत. बुरूज भिंतीपासून थोडाच लांब राहिलेला आणि डाव्या बाजूनं एक लाल व्हॅनगार्ड धावत आला, भली मोठी कुऱ्हाड डोक्यावर. मी दचकलो. पाऊल मागं गेलं. पण ह्यावेळी हातात भाला होता, त्यामुळं त्याची कुऱ्हाड माझ्या छातीपुढनं वाऱ्यासारखी गेली आणि माझा भाला त्याला पोचला. तो परत वार काढतोय तोवर मी परत अर्धं पाऊल मागं, परत भोसकलं. तिसऱ्या वेळेला त्यानं हूल दिली, मी फसलो नाही कारण तो एवढ्या लांब होता की मला ती हूल पूर्ण दिसली. तो पडला. मी खुर्चीतनं उठून उभाच राहिलो, आई आतनं विचारायला लागली काय झालं रं.

पन्हाळ्यावर बाजीप्रभूंच्या पुतळ्यापाशी उभं राहिलं की मला नेहमी १६६० ची ती अरुंद खिंड आठवते, थोड्या माणसांनी एवढी फौज अडवून धरली ती जागेच्या जोरावर सुद्धा. दारात, जिन्यावर, पुलावर दोन भालेवाले शेजारी शेजारी उभे राहिले की गेममध्ये पण दहा जण खोळंबतात, करून बघा. भालेवाल्यानं एकट्यानं मैदानात फिरू नये हे मात्र पक्कं लक्षात ठेवा, कुणी आत शिरला की भाला नुसतं लाकूड.

अजून एक गोष्ट आपल्याकडच्यांना महत्त्वाची, पिंग, म्हणजे आपलं बटण नेटवरनं गेमच्या सर्व्हरला पोचून परत यायला लागणारा वेळ, मिलिसेकंदात. माझ्या घरी संध्याकाळी सात वाजले की पिंग ९० वरनं २५० ला जातो, नेटवाल्याकडं चार वेळा तक्रार केली, दरवेळी उद्या माणूस येतोय. एवढ्या पिंगला हातभर अंतरावर काउंटर बसवणं लई अवघड, वार दिसंपर्यंत लागलेला असतो. लांब हत्यार असलं की तो उशीर थोडा झाकला जातो. ज्यांचं नेट असंच आहे त्यांनी निदान पंधरा-वीस मॅच पोलमन घ्यावाच.

मावसभावाला मी क्लास सांगितलाच नाही. म्हटलं मेल्यावर दरवेळी क्लास बदलता येतो, चारी घे, आणि मरताना बघ तुझं पाऊल कुठं चाललेलं, आत का मागं का बाजूला. काल रात्री दीडला त्याचा व्हिडिओ आला. मॅन-ॲट-आर्म्स घेतलेला, समोर दोन नाईट, आणि हा डावीकडं उडी, परत उजवीकडं उडी, दोघांचे वार एकमेकांनाच लागलेले. मग आठवलं, हा पोरगा शाळेच्या खो-खोच्या टीमात होता, खांबापाशी असंच सटकायचा. शनिवारी रात्री दहाला दोघं एकत्र बसणार आहे, तो पुढं, मी भाला घेऊन त्याच्या मागं.