पण रोज किती पानं?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते आहे. एकदाच विचारलंत असंही नाही. माझी मुलं शाळेत जात नाहीत, घरीच शिकतात, हे कळलं की पहिला प्रश्न येतो मित्रमैत्रिणींचा, दुसरा परीक्षांचा, आणि मग आवाज जरा खाली आणून तिसरा: "पण लिहायला बसवतेस ना? रोज किती पानं?" पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं ऐकून घेतली जातात. तिसऱ्याचं उत्तर सुरू झालं की नजर वह्या शोधायला लागते. वही आणून दाखवली आणि त्यात पानं कमी निघाली, की पुढे मी काय बोलते याला अर्थ उरत नाही.

मला याचा राग येतो. मूल वाचतं काय, बोलतं कसं, एखादी गोष्ट समजावून सांगताना कुठे अडतं, हे कुणी विचारत नाही. भरलेली पानं मोजता येतात, म्हणून तीच मोजली जातात. पण हल्ली हाच प्रश्न नुकतंच होमस्कूलिंग सुरू केलेले आईबाप विचारायला लागलेत. त्यांच्या आवाजात धास्ती असते. ती धास्ती माझ्या ओळखीची आहे, म्हणून एकदा सगळं सांगून टाकते.

आकडा हवा असेल तर आधी आकडा घ्या. धाकटा साडेसात वर्षांचा आहे. तो रोज दहा मिनिटं लिहितो. तीन ओळी, कधी दोनच. थोरली आता अकराची. ती आठवड्यातून पाच दिवस वीस ते तीस मिनिटं लिहिते, आणि त्यातलं निम्मं तिच्या मनाचं असतं. एवढंच. हे पुरेसं आहे का? मला वाटतं, आहे. छातीठोकपणे मात्र सांगता येत नाही.

चार वर्षांपूर्वी थोरलीसाठी नियम होता रोज एक पान. दुरेघी वही, समोर घड्याळ, पान भरल्याशिवाय उठायचं नाही. नियम माझाच. शाळेत जाणारी तिच्या वयाची मुलं किती लिहितात ते मला माहीत होतं, आणि आपलं मूल मागे पडलं तर सगळा दोष आपल्याच माथी येणार, हेही. थोरली तेव्हा सव्वासात वर्षांची होती. कुरकुरायची, पण लिहायची. तीन-चार महिन्यांत अक्षराला वळण आलं. मी ती पानं येणाऱ्या-जाणाऱ्यांना दाखवत होते.

त्याच दिवसांत रात्री ती धाकट्याला गोष्टी सांगायची. दिवा मालवल्यावर, अंथरुणात पडून. मी दाराबाहेर उभी राहून ऐकायचे. एका रात्री तिने सुरुवात केली: "एका खोल विहिरीच्या तळाशी एक प्राचीन कासव राहायचं. त्याच्या पाठीवर नक्षत्रं होती, आणि ते हललं की आकाशातली नक्षत्रंसुद्धा हलायची." धाकटा तेव्हा साडेतीन वर्षांचा. 'प्राचीन' म्हणजे काय ते त्याला कळलं नसणार, पण तो अगदी गप्प होऊन ऐकत होता.

दुसऱ्या दिवशी मी तिला म्हटलं, आज शुद्धलेखन नको, ती कासवाची गोष्टच लिही. मला वाटलं, आपण तिला सूट देतोय.

अर्ध्या तासाने तिने वही आणून दिली. वहीत होतं: "एक कासव होते. ते मोठे होते. ते खाली राहत होते. ते छान होते. एक मुलगा आला. तो पण छान होता."

माझा पारा चढला. रात्री एवढी सुंदर गोष्ट सांगितलीस आणि लिहायची वेळ आली की हा आळस, असं म्हणून मी ते पान फाडलं. आजही हे लिहिताना हात अडतो, पण फाडलं हे खरं आहे. पुन्हा लिही, म्हटलं. ती बसली. रडलीसुद्धा नाही. पुन्हा तीच सहा वाक्यं आली, फक्त अक्षर आधीपेक्षा घोटीव होतं. आई रागावली ती अक्षरावरून, असंच तिला वाटलं असणार. मी याआधी रागावले होते ते अक्षरावरूनच तर.

तेव्हा कुठे मी तिच्या शेजारी बसले. "प्राचीन का नाही गं लिहिलंस?"

"तो जड आहे."

"आणि नक्षत्रं?"

"त्यात दोन आहेत."

दोन काय, हे माझ्या लगेच ध्यानात आलं नाही. दोन जोडाक्षरं. क्ष आणि त्र. मग ती सहा वाक्यं मी पुन्हा वाचली. एकाही शब्दात जोडाक्षर नव्हतं. विहीरही नव्हती, कारण विहीर म्हणताना ही दीर्घ आणि विहिरीत म्हटलं की तीच ऱ्हस्व, आणि यावरून मी आदल्याच आठवड्यात तिचं पान लाल केलं होतं. म्हणून कासव 'खाली' राहत होतं. ज्याला मी आळस म्हटलं होतं त्यात केवढे कष्ट होते! डोक्यात आलेला प्रत्येक शब्द हाताला झेपेल का ते आधी तपासायचं, झेपणार नसेल तर त्याच्या जागी हलका शब्द शोधायचा, तोवर पुढचं वाक्य विसरू द्यायचं नाही. सव्वासात वर्षांच्या मुलीने हे सगळं अर्धा तास केलं होतं, आणि मी ते फाडलं होतं.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. त्या रात्री धाकट्याने कासवाची गोष्ट मागितली. मी दाराबाहेरच होते. "एक कासव होतं," ती म्हणाली. "ते मोठं होतं. झोप आता."

नंतर मी खूप वाचलं. वाचून कळलं की यात नवल काही नाही. लिहिणं म्हणजे एका वेळी दोन कामं: अक्षर काढणं आणि मजकूर रचणं. अक्षर जोवर हातात बसलेलं नसतं तोवर मुलाचं सगळं अवधान तिथेच संपतं, रचायला काही उरत नाही. शार्लट मेसन या इंग्रज शिक्षणतज्ज्ञ बाईंनी हे एकोणिसाव्या शतकातच ओळखलं होतं. साधारण नऊ-दहा वर्षांपर्यंत मुलाने वाचलेलं, ऐकलेलं तोंडी सांगावं, आणि हाताच्या सरावासाठी वेगळं, थोडंच पण नीट उतरवून काढावं, असा त्यांचा क्रम होता. इटलीच्या शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरींनी १९०७ साली रोममध्ये पहिलं बालगृह सुरू केलं, त्यांच्याकडे मुलं खरखरीत कागदाची अक्षरं बोटांनी गिरवायची आणि सुटी अक्षरं जुळवून शब्द मांडायची. पेन्सिलीवर हात बसेपर्यंत शब्दांना ताटकळत राहावं लागत नसे.

आणि एक गोष्ट मला कुणीच सांगितली नव्हती. आपण ज्या वेळापत्रकांच्या नकला करतो, ती बहुतेक इंग्रजीसाठी केलेली असतात. सव्वीस अक्षरांच्या मोठ्या-लहान जोड्या झाल्या की तिथे नवं अक्षर उरत नाही. आपल्याकडे बाराखडी येते, तिच्यामागून जोडाक्षरं. 'कि' म्हणताना इ मागून ऐकू येते आणि कागदावर वेलांटी आधी बसते. एकटा र घ्या: प्राण, राष्ट्र, सूर्य, दऱ्या, चारही ठिकाणी त्याचं रूप निराळं. आठव्या वर्षी मूल जोडाक्षरांना बिचकत असेल तर ते मागे पडलेलं नाही. ते अजून लिपीच शिकतंय.

तज्ज्ञांचा आकडा माझ्या तोंडावर फेकणारेही भेटतात. अमेरिकेच्या शिक्षण खात्याच्या संशोधन संस्थेने २०१२ मध्ये शिक्षकांसाठी मार्गदर्शिका काढली, तिच्यात पहिलीपासून रोज किमान एक तास लेखनाला द्यावा असं म्हटलंय. म्हटलंय खरं. पण पुढचंही वाचा ना. त्या तासातला निम्मा वेळ शिकवण्याचा आहे, म्हणजे लिहावं कसं ते दाखवण्याचा. उरलेल्या अर्ध्या तासाचा सराव इतर विषयांतून झाला तरी चालतो. एका जागी बसून तासभर पानं भरा, असं तिथे कुठेही नाही. शिवाय ते वर्गासाठी लिहिलेलं आहे. माझ्यासमोर एक मूल असतं, आणि कुठल्या शब्दापाशी त्याची पेन्सिल थबकली ते मला दिसतं.

इथे तुम्हाला वाटेल, हिला उत्तर सापडलं. तसं झालं नाही. कासवानंतर मी दुसऱ्या टोकाला गेले. लिहिणं बंद. तिला हवं तेव्हा ती लिहील, ती सांगेल आणि मी लिहून घेईन. चौदा महिने मी तिची लेखनिक झाले. गोष्टी परत आल्या, लांब लांब, जड शब्दांसकट. मी सगळ्यांना सांगत सुटले की सक्ती काढली की मूल फुलतं.

मग ती साडेआठ वर्षांची असताना काही मुलांमध्ये खेळायला गेली. शोधाशोधीचा खेळ होता. प्रत्येकाने चिठ्ठीवर एक खूण लिहून लपवायची. तिची खूण सगळ्यांत अवघड होती म्हणे, पण चिठ्ठी तिने दुसऱ्या मुलीकडून लिहून घेतली. घरी येऊन म्हणाली, "माझा हात बाळासारखा चालतो." मी तिला खरं ते सांगितलं, की लिहिणं थांबवायचा निर्णय माझा होता, तुला त्रास होऊ नये म्हणून. ती म्हणाली, "मला विचारलं नव्हतंस." सुरू करतानाही विचारलं नव्हतं.

तेव्हापासून दोन्ही कामं वेगळी ठेवली आहेत. हाताचं काम रोजचं, घड्याळ लावून, दहा मिनिटं, एका वेळी एकच अडचण: आज रफार, उद्याही रफार. अक्षराबद्दल जे काय बोलायचं ते त्या दहा मिनिटांत. गोष्ट, पत्र, कशाची टिपणं, यांत मी शुद्धलेखन तपासत नाही. विचारलं तर सांगते. धाकटा अजून बरंचसं तोंडी सांगतो आणि त्यातलं एक वाक्य स्वतः लिहितो. कुठलं, ते तो निवडतो. तो नेहमी सगळ्यात छोटं निवडतो, आणि ते बघून माझ्या पोटात गोळा येतो.

चार वर्षांपूर्वीची मी अजून माझ्याशी वाद घालते. ती म्हणते, त्या चार महिन्यांत हात सुधारला होता की नाही? सुधारला होता. बंद केलं नसतं तर त्या चिठ्ठीची वेळ आली असती का? नसती आली कदाचित. थोरलीचा हात आजही संथ आहे. खंड पडल्यामुळे, की तो मुळातच तसा, ते मी ठरवू शकत नाही. लिहिताना तिची बोटं दुखतात का, सांगणं आणि लिहिणं यांतलं अंतर वयाबरोबर कमी होतंय का, याकडे मी उशिरा लक्ष दिलं. हे अंतर वाढतच असेल तर पानं वाढवू नका, हाताच्या हालचाली जाणणाऱ्या व्यवसायोपचार तज्ज्ञांकडे मुलाला न्या. काही मुलांना लेखनाची खरीखुरी अडचण असते आणि ती नुसत्या सरावाने जात नाही. आम्हीही दाखवून आलो. अडचण नाही म्हणाले, हाताला सराव हवा. सराव, म्हणजे पुन्हा तुमचाच प्रश्न.

परवा तिला सहज विचारलं, तुझं ते विहिरीतलं कासव आठवतं का गं? ती विचारात पडली. "मोठं होतं ना ते?" म्हणाली.

त्या पहिल्या रात्रीची वाक्यं मी दुसऱ्याच दिवशी, पान फाडल्यानंतर, माझ्या वहीत लिहून ठेवली होती. ती वही कपाटात वरच्या खणात आहे. अजून तिला दाखवलेली नाही.