गिटार आणि आजींची भजनं

"ताई, पोरं गिटारवर टिळकांची भजनं म्हणतात आणि तुम्ही अडवत नाही. मग आपला वारसा टिकायचा कसा?" उपासना सुटल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर सलाम झाला की कुणीतरी हे विचारतंच. नगरच्या मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चच्या समुदायात, तरुण संघाचं काम माझ्याकडे आहे. तुम्ही विचारलंत म्हणून मनातलं सांगते.

हे टिळक म्हणजे ख्रिस्ती झालेले कवी नारायण वामन टिळक. त्यांचा बाप्तिस्मा 1895 सालचा. त्याआधी आपल्या मंडळ्यांत बरीचशी गीतं भाषांतरित, पाश्चात्त्य चालींवरची असत. टिळकांनी अभंग-ओवीत प्रभूला आळवलं. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. आज आपण ज्याला वारसा म्हणतो ते तेव्हा नवंच होतं. पण एवढ्यावरून मी मुलांच्या बाजूने निकाल देणार नाही. टिळक तुकोबांच्या अभंगांत मुरलेले होते. आमची मुलं टिळकांत मुरलेली नाहीत, आणि मला झोप येत नाही ती यामुळे.

बहुतेक जण इंग्रजी माध्यमातले. 'उपासना संगीत' हे आपलं मराठी गीतांचं पुस्तक हातात दिलं की अडखळतात, मग मोबाइलवर रोमन अक्षरांत उतरवून घेतात. एकदा एका मुलीने विचारलं, "ताई, पामर म्हणजे काय?" लहानपणापासून ती तो शब्द गात आली होती. त्या दिवशी सराव बाजूला ठेवून आम्ही तासभर एकाच भजनाचा अर्थ लावत बसलो.

तेव्हापासून माझी एकच अट आहे. चाल बदला, पण आधी जुन्या चालीत ते भजन पाठ म्हणून दाखवा आणि ओळीओळीचा अर्थ सांगा. त्यासाठी मी मुलांना मंडळीतल्या एका आजींकडे नेते. आजींना वाचता येत नाही, पण शंभराच्या वर भजनं तोंडपाठ. पहिल्या शनिवारी मुलं दाराशीच अवघडून उभी होती. आजींनी पेटीशिवाय, नुसत्या टाळ्यांवर सुरुवात केली. कॅहोन, म्हणजे हाताने वाजवायचा खोक्यासारखा ढोल, वाजवणाऱ्या मुलाला आठ मात्रांचा भजनी ठेका लगेच सापडला. गिटारवाला मात्र अडला. आजी एका शब्दावर सूर घसरवत खाली आणायच्या आणि त्याच्या कॉर्डखाली ती जागा दबून जायची. दोन-तीनदा वाजवून पाहिलं, मग तो स्वतःच म्हणाला, "इथे मी थांबतो, आजी, तुम्हीच गा." नाताळात ते भजन तसंच झालं, त्या ओळीला गिटार गप्प.

मुलांच्या सगळ्याच मागण्या मी मान्य करते असं नाही. काही गोष्टी मात्र त्यांच्याकडूनच शिकले. नोकरीसाठी पुण्याला गेलेल्यांना शनिवारची सभा जमेना, म्हणून रात्री दहाला व्हिडिओ कॉलवर प्रार्थना सुरू करायची कल्पना त्यांचीच. मला ती सुचलीच नसती.

आता गिटारवाल्याला प्रभुभोजनाच्या, म्हणजे उपासनेत भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या, वेळीही वाजवायचंय. मंडळीच्या पंचांनी माझं मत विचारलं तेव्हा मी "अजून नको" म्हटलं, कारण ती शांतता मला वृद्धांसाठी राखायची आहे. त्याला ते पटलेलं नाही. येत्या शनिवारी तो पुन्हा विचारणार आहे, आणि या वेळी आजींना सोबत घेऊन येतो म्हणालाय.