जांभूळ, हिरडा आणि एक परत आलेली बाटली

"ही बिघडलीये, घेऊन जा." पावणेदहाला सात नंबरच्या टेबलावरून बाटली परत आली, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. काकांच्या पंच्याहत्तरीचं जेवण होतं. जुनं इंदूरचं मराठी घर, डिसेंबरची थंडी, आणि पुतण्याने हौसेने नाशिककडची काबर्ने सोव्हिन्यॉं ही रेड वाइन मागवलेली.

मी जवळ गेलो. काका म्हणाले, "अहो, जीभ टाळ्याला चिकटली माझी. आंबलेली आहे ही."

हॉटेलात कॅप्टन म्हणून मी बरीच वर्षं वाइन वाढतोय. खराब बाटली आधी नाकाला कळते: व्हिनेगरचा किंवा ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो. मी पेल्यात थोडी ओतून हुंगली. वास अगदी स्वच्छ होता. मग बाटलीला हात लावला आणि चटका बसावा तसा गारठा लागला. नव्या पोराने संध्याकाळपासून ती बियरसारखी फ्रिजात ठेवली होती. शेजारी काकांच्या ताटलीत तळलेले गराडू, म्हणजे इंदूरकडचा एक कंद, वर सढळ हाताने भुरभुरलेला तिखट जीरावन मसाला आणि लिंबू. सगळा उलगडा झाला.

रेड वाइन द्राक्षाच्या सालीबियांसकट आंबवतात. रंग सालीतून येतो, आणि तुरटपणा आणणारं द्रव्य, टॅनिन, साल आणि बियांतून, थोडं ओकच्या लाकडी पिंपातून. लाळेतल्या ज्या प्रथिनांमुळे तोंड बुळबुळीत राहतं, त्यांनाच टॅनिन पकडतं. त्यांच्या गुठळ्या होतात आणि जीभ कोरडी, खरखरीत पडते. व्हाइट वाइनसाठी बहुधा रस आधीच सालींपासून वेगळा करतात, म्हणून तिथे हे फारसं जाणवत नाही. वाइन गार असली की फळाचा वास दबतो आणि तुरटपणा टोचायला लागतो. त्यात तिखटाने आधीच पेटलेली जीभ! काकांची तक्रार अगदी खरी होती. चूक आमची होती, आणि मी ती तिथेच कबूल केली.

"काका, जांभळं खाल्ल्यावर तोंड होतं ना, तसं झालं का?"

ते क्षणभर थांबले. "जांभूळ कसलं, हिरडा! आई चघळायला द्यायची."

मला इतका आनंद झाला! हिरड्यात टॅनिन भरपूर असतं. कातडी कमवायलाही तो वापरतात, कारण कातड्यातल्या प्रथिनांनाही टॅनिन असंच धरतं. आपल्याकडे तुरट हा सहा रसांतला एक. आजचं शास्त्र मात्र त्याला चवीपेक्षा स्पर्शात जास्त धरतं. मला दोन्ही पटतं.

मी वाइन मोठ्या पेल्यांत ओतून अर्धा तास तशीच राहू दिली. मधल्या वेळात मलई पनीर टिक्का आणवला. कोऱ्या चहात दूध घातलं की त्याचा तुरटपणा मऊ होतो, कारण टॅनिन दुधातल्या प्रथिनांना जाऊन चिकटतं. इथेही तेच हवं होतं.

काकांनी आधी टिक्का खाल्ला, मग घोट घेतला. टेबलावर सगळे गप्प.

"आता जांभूळ," ते हळूच म्हणाले.

मग खात्री करायला त्यांनी मुद्दाम गराडूचा तुकडा जीरावनात घोळवून तोंडात टाकला आणि वर पुन्हा घोट घेतला. चेहरा आवळला, डोळे मिटले. "परत हिरडा! बघा, परत हिरडा!" आणि पेला शेजारी काकूंपुढे सरकवला, "तूही करून बघ."

पोरगा माझ्या मागे उभा राहून बघत होता. तो न सांगता आत गेला आणि फ्रिजातल्या उरलेल्या दोन्ही बाटल्या बाहेर काढून आला.