मशीन गरम होतं

मे महिन्यात कोकणात जायचं ते आंबे खायला आणि दुपारी पंख्याखाली पडायला, पण मावसभावाने बरोबर पडायच्या वेळेलाच उठवलं आणि होडी बघायला नेलं. दाभोळच्या पलीकडे खाडीकाठी, माडाखाली ओढून ठेवलेली, अठरा फुटी फायबरची, मागे ९.९ हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक मशीन. सगळं मिळून लाखाच्या आत. १ जूनला मासेमारी बंद होते, मग पावसाळाभर झापाखाली झाकून ठेवण्यापेक्षा आत्ताच विकून मोकळं व्हावं असा मालकांचा हिशोब, तो पटण्यासारखा होता.

आपल्याकडे जुनी वस्तू बघायला एकट्याने जात नाहीत, बरोबर एक जाणकार लागतो. बाबांनी जुनी स्कूटर घेतली तेव्हा शेजारचे काका आले होते, त्यांनी टायरला लाथ मारली, हॉर्न वाजवला, बराच वेळ गंभीर चेहरा करून उभे राहिले आणि व्यवहार झाला. यावेळी ते काका म्हणजे मी. क्वालिफिकेशन काय, तर कॉलेजात असताना आऊटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे अडकवायची अशी मशीनं, दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रींच्या शेडमध्ये सुट्ट्या काढलेल्या.

होडीला नवा निळा रंग होता. नवीन रंग बघितला की मला भीती वाटते, का लावला असेल आत्ताच? कळकट, पोपडे निघालेली होडी बघितली की उलट जिवाला बरं वाटतं, निदान जे आहे ते दिसतंय तरी. मी सरळ मागे गेलो, जिथे मशीन अडकवतात ती फळी. वरून फायबर असलं तरी आत बहुतेक प्लायवूडच असतं आणि स्क्रूच्या भोकांतून पाणी झिरपून ते आतल्या आत कुजतं. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत गेलो, कलिंगड बघतात तसं. ठणठण, ठणठण, आणि डाव्या कोपऱ्यात बद्द. परत ठोकलं. बद्दच. मालक दुसरीकडे बघायला लागले.

लहानपणी आजोळी जाताना ही खाडी ओलांडावी लागायची. २००३ साली गाड्या नेणारी फेरीबोट सुरू झाली, त्याच्या आधी साधी लाकडी लाँच होती, माणसं, कोंबड्या, फणस, एखादी सायकल, सगळं एकत्र. इंजिनाशेजारी एक म्हातारा खलाशी बसून डालड्याच्या डब्याने पाणी उपसत असायचा, एकदम निवांत, मध्येच थांबून बिडी पेटवायचा, परत उपसायचा. माझं सगळं लक्ष त्या पाण्याकडे, आई ओरडायची समोर बघ म्हणून. एकदा धीर करून विचारलं, होडीत पाणी कसं काय? तर म्हणाला, "जिच्यात पानी नाय ती दर्यात गेलीच नाय बाळा." माझं काही समाधान झालं नाही, मी पलीकडे पोचेपर्यंत आईचा पदर घट्ट धरून बसलो.

तर मशीन. मालकांनी पिंपात पाणी भरून मशीनचा पाय त्यात बुडवून तयारच ठेवलेला, म्हणाले ओढा दोरी, एका झटक्यात चालू. मी आधी कव्हरवर हात ठेवला. चांगलं गरम. उन्हाने नाही, सावलीत होतं. "सकाळी जरा चालू करून बघितलं तुमच्यासाठी," ते म्हणाले. गरम मशीन कोणाचंही चालू होतं हो, थंड असताना काय करतं ते बघायचं असतं. मग म्हटलं चहा घेऊ. चहा, कोकम सरबत, पोरगा पुण्याला कंपनीत लागल्याची हकिगत, होडीची कागदपत्रं (बाजूवर रंगवलेला नोंदणीचा आयएनडी एमएच नंबर कागदाशी जुळत होता, तेवढं बरं), असं करत मशीन निवेपर्यंत बसलो. खालचा स्क्रू काढून गिअर ऑइल बघितलं, दुधट नव्हतं, म्हणजे आत पाणी शिरलेलं नाही, सील शाबूत. मग दोरी. ओढून ओढून खांदा निखळायची वेळ आली तेव्हा कुठे खोकत, धूर काढत चालू झालं, आणि मागून मशीन थंड ठेवणाऱ्या पाण्याची जी धार जोरात सुटायला हवी ती नुसती ठिबकायला लागली. बहुतेक पंपातलं रबर गेलंय, ते फारसं महाग नसतं, पण धार नाही म्हणजे मशीन किती वेळा तापलं असेल कोण जाणे.

परत येताना फेरीबोटीत कठड्याला टेकून मी हे सगळं भावाला समजावत होतो, फळी बदलायला किती, पंपाला किती, किती कमी करून मागायचं, आणि सहज म्हटलं लाईफ जॅकेटं त्यात धरलेली नाहीत, ती वेगळी घे, तशी तुला काय गरज म्हणा, लहानपणापासून खाडीत डुंबतोयस.

"कुठे? मी काठावर कपडे सांभाळायला असायचो," तो म्हणाला. "मला पोहता येत नाही."

मी म्हटलं मग आधी ते शीक, होडी कुठे पळून जातेय.

तर म्हणतो कसा, उद्या सकाळी दुसरं गिऱ्हाईक येणारे.