पेटीवाले काका आणि माझा मिक्सर

मिरजेत साऊंडचं काम करतो मी, चौदा वर्षं झाली. लग्न, गणपती, सभा सगळं घेतो पण जीव रमतो तो गाण्याच्या बैठकीत. गायक अब्दुल करीम खाँसाहेबांचं गाव आहे हे, इथं तानपुरे बनतात, त्यामुळे ऐकणारा कानही तयार असतो आणि तबल्याची चाट जरा जास्त टोचली की मध्यंतरात कुणीतरी चहाचा कप हातात घेऊनच सांगायला येतं, अरे दाया जरा कमी कर की.

मागच्या थंडीत एका जुन्या वाड्यात बैठक होती. पेटीवाल्या काकांना पंच्याहत्तर पूर्ण झालेली, त्यांचा घरगुती सत्कार आणि मग एका बाईंचं गाणं, साथीला अर्थातच काका. त्यांची नात आधीच येऊन सांगून गेलेली, दादा, आजोबांचं एकही धड रेकॉर्डिंग नाही हो आमच्याकडं, तेवढं नीट करा. म्हटलं काळजी करू नको, माझा मिक्सर यूएसबीवाला आहे, थेट लॅपटॉपवर घेतो.

वाड्याचं माजघर, वर ठेंगणं माळवद, सत्तरेक माणसं आणि काकांची पेटी पहिल्या रांगेपासून हातभर अंतरावर. असल्या खोलीत पेटी आणि तबला मुळातच मोकळे ऐकू येतात, त्यांना स्पीकरची गरजच नसते, म्हणून मी पेटीचा फेडर, म्हणजे मिक्सरवरची आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी, जवळपास तळाला नेला, तबला अगदी नावाला ठेवला, गळा आणि तानपुरे वर घेतले. आवाज असा काही बसला की काय सांगू, शिट्टी नाही, विजेची घरघर नाही, बाईंचा खर्जसुद्धा मागच्या भिंतीपर्यंत स्वच्छ. जाताना चार जणांनी पाठ थोपटली.

चार दिवसांनी रेकॉर्डिंग घेऊन काकांच्या घरी गेलो. त्यांनी हेडफोन लावला, डोळे मिटले, उजव्या हाताची बोटं मांडीवर चालायला लागली. पाच मिनिटं, सात मिनिटं झाली आणि बोटं हळूहळू थांबली. हेडफोन काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "बाई सुरेख गायल्यात. पण मी होतो का रे तिथं?"

रागावले असते तर बरं झालं असतं. नात दारात उभी होती, तिच्याकडं बघायचं धाडस झालं नाही मला.

घरी येऊन दोन रात्री त्या फाइलशी झटापट केली. पेटी होती, पण बाईंच्या माइकमध्ये लांबून शिरलेली तेवढीच, ती वाढवायला जावं तर गळा कर्कश व्हायचा. चूक अगदी साधी होती आणि चौदा वर्षांत मला ती टोचली नव्हती. त्या मिक्सरच्या यूएसबीतून दोनच ट्रॅक जायचे, डावा आणि उजवा, म्हणजे मेन आउटला, स्पीकरकडं, जे चाललंय तेच. आणि मेन आउटला मी काय पाठवत होतो, तर खोलीत जे कमी पडतंय तेवढंच. पेटी खोलीत भरपूर होती म्हणून स्पीकरला नव्हती, स्पीकरला नव्हती म्हणून रेकॉर्डिंगला नव्हती. मोठ्या मैदानात, जिथं सगळंच स्पीकरमधून ऐकू जातं, तिथं हे लक्षात येत नाही. छोट्या खोलीत लगेच उघडं पडतं.

मग साठ-सत्तर हजारांची तयारी केली, महालक्ष्मी एक्सप्रेसने मुंबई गाठली आणि लोकलने ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड, इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार. सोबत माझाच एक माइक, माझाच हेडफोन आणि इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याची पेटी. दुकानातल्या माइकवर हॅलो हॅलो करून काही कळत नाही, तानपुरा चालू करून गेन, म्हणजे माइकचा आवाज मिक्सरमध्ये शिरतानाच वाढवायचं बटण, वाढवत नेला की मागची सरसर किती येते ते लगेच कळतं.

दुकानदार भला माणूस होता पण त्याचं सगळं लक्ष इफेक्टवर, यात इतके इको त्यात तितके. बैठकीला चिमूटभर रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, पुरतो हो. मी मोजत होतो माइकची भोकं. गळा एक, तबल्याला दोन, पेटीला एक, तानपुऱ्यांना दोन, निवेदनाला एक, झाले सात. आणि इथंच माणूस फसतो, खोक्यावर १० चॅनेल लिहिलेलं असतं पण त्यात माइक न लागणारी स्टिरिओ लाइनची प्रत्येक जोडीही दोन चॅनेल म्हणून धरलेली असते. यामाहाचा एमजी१०एक्सयू घ्या, नावात १० पण माइक लावायच्या जागा चारच. भजनी मंडळ असेल, रेकॉर्डिंगची हौस नसेल तर मी आजही असला मिक्सर घ्या म्हणून सांगेन. पण मला सात माइक लावायचे होते आणि साती वेगवेगळे रेकॉर्ड व्हायला हवे होते.

साउंडक्राफ्टचा सिग्नेचर १२ एमटीके बघितला, आठ माइक आणि यूएसबीतून १४ ट्रॅक सुटे लॅपटॉपला जातात, पण लॅपटॉप लागतोच. बेरिंजरचा एक्सआर१८ म्हणजे तर सोळा माइकचा डबा, सगळं टॅबवरून. काम भारी आहे पण त्याला फेडरच नाहीत आणि मला ताना चालू असताना बोटाखाली फेडर लागतो, स्क्रीनकडं बघत गाणं ऐकता येत नाही मला. शेवटी झूमचा एल-१२ घेतला. आठ माइक, आत एसडी कार्डावरच एकाच वेळी १४ ट्रॅक, त्यातले १२ चॅनेलचे सुटे आणि दोन मेनचे. महत्त्वाचं म्हणजे सुटा ट्रॅक फेडरच्या आधीचा जातो, हॉलसाठी पेटी शून्यावर नेली तरी कार्डावर ती पूर्ण येते. शिवाय पाच वेगवेगळे मॉनिटर मिक्स, म्हणजे कलाकाराला स्वतःला ऐकायचा आवाज, देता येतात, बाईंना तानपुरा जास्त, तबलजींना गळा जास्त, कुणी कुणाच्या वाटेत नाही. जागेचा हिशेब परतीच्या गाडीतच केला, २४ बिट ४८ किलोहर्ट्झ दर्जाच्या एका ट्रॅकला तासाला साधारण ५२० एमबी, १४ ट्रॅकला सव्वासात जीबी, म्हणजे तीन तासांच्या बैठकीला ३२ जीबीचं कार्ड पुरतं.

काकांना फोन केला, म्हटलं परत बसायचं. ते नको नको म्हणत होते, नातीने ऐकलं नाही. तोच वाडा, त्याच बाई, या वेळी माणसं तीसच.

गेन लावताना मात्र घाई केली नाही, कारण फेडर कुठंही असला तरी गेनवर कार्डाची भिस्त असते. तबलजींना पूर्ण थापेने वाजवायला लावलं, काकांना भाता भरून तार सप्तकात न्यायला सांगितलं आणि सगळ्यात मोठ्या आवाजालाही, तो फाटू नये म्हणून, वर दहा-बारा डेसिबल मोकळे सोडले. मग गाणं सुरू झाल्यावर पेटीचा फेडर मागच्यासारखाच तळाला. खोलीत अगदी तोच आवाज. त्या तळाला गेलेल्या फेडरकडं आणि वर नाचणाऱ्या त्याच्या हिरव्या दिव्यांकडं मी तीन तास बघत होतो.

रात्री घरी येऊन आधी फक्त पेटीचा ट्रॅक लावला. भात्याचा श्वास येत होता, पट्ट्यांची लाकडी टकटक येत होती, आणि विलंबितात एके ठिकाणी बाई कोमल रिषभावर थांबल्या तेव्हा काका अगदी पुटपुटत म्हणालेत, "हां... राहा तिथंच." खोलीत हे कुणालाच ऐकू गेलं नव्हतं, बाईंनासुद्धा नाही. मिक्स करताना मी ते काढलं नाही.